रवणीतला पहिला कोंबडा

मथुराने धरायला हात पुढे केला आणि कोंबडा पळालाच नाही. बाकीच्या कोंबड्या माणसाची सावली पडली तरी खळ्यात धुरळा उडवतात. हा मात्र मानपान घ्यायला आलेल्या जावयासारखा उभा राहिला. तिने त्याला पडवीजवळच डालग्याखाली झाकलं, वर चिऱ्याचा तुकडा ठेवला आणि पडवीकडे न बघता चहा टाकायला आत गेली.

पडवीच्या कडेला तिचा नवरा बसला होता. परशुरामाने सगळं पाहिलं होतं, आणि त्याच्या नजरेला नजर द्यायची तिची छाती नव्हती.

आज राखण होती. वाडीची माणसं सड्याच्या कातळमाळाखालच्या राखणदाराला, वाडी राखणाऱ्या देवाला, वर्षाचं द्यायचं ते आज देतात. जो जे नवस म्हणून बोलला असेल ते त्याच्याकडून घ्यायचं आणि देवापुढे गाऱ्हाणं घालायचं, हे काम मथुराच्या चुलतदिराचं, बाळाचं. तो एवढ्यात येणार होता.

मथुराच्या तोंडातून शब्द गेला होता तो गणपती झाल्यावर. परशुरामाच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. त्याच दिवसांत चुलीमागे तिची ठिपक्यांची कोंबडी खुडूक होऊन रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसली होती. खाली गावठी अंडी होती, शेजारणीच्या गिरिराज जातीच्या कोंबडीची होती, आरोंद्याच्या बहिणीने दिलेली बदकाचीसुद्धा दोन होती. त्या टोपलीसमोर उभं राहूनच मथुराने राखणदाराला हात जोडले. शहाणी बाई अशा वेळी 'एक कोंबो देतलंय' एवढंच मोघम बोलते. मग तो बाजारातून आणून दिला तरी चालतो. पण भ्यायलेल्या माणसाला कसला शहाणपणा! 'ह्यांचो उजवो हात वर जांवदे, ह्या रवणीतलो पयलो कोंबो तुझो,' असं ती बोलून बसली.

बदकाची अंडी नासली. पिल्लं निघाली त्यातली काही मुंगसाने नेली, काही घारीने, आणि मागून मानमोडीची साथ आली ती कोंबडीलाच घेऊन गेली. एकच पिल्लू उरलं. ते गारठून मान टाकायला लागलं तेव्हा मथुराने त्याला परशुरामाच्या गोधडीत, त्याच्या लुळ्या हाताशी सरकवलं. ऊब मिळावी एवढाच तिचा हेतू होता. पिल्लू जगलं. परशुरामाच्या तळव्यावर तांदळाच्या कण्या ठेवायच्या आणि पिल्लाने त्या टिपायच्या, असा रोजचा परिपाठच झाला. हळूहळू त्याची बोटं हलू लागली. पिल्लाला चिडवायला तो मूठ वळू लागला आणि त्याच्या वाकड्या तोंडावर हसू दिसू लागलं. कणकवलीच्या डॉक्टरांनी विचारलं, "व्यायाम चांगला चाललाय, कोण करून घेतं?" मथुराने औषधांची चिठ्ठी घेतली. कोंबडीचं पोर म्हणून कसं सांगणार?

मग पिल्लाला लाल तुरा फुटला. एका सकाळी ते आरवलं, आणि मथुराला आपला शब्द आठवला.

बाळा मागीलदारानेच आत आला.

"वयनी, कोंबो खंय?"

"झाकून ठेवलंय. च्या घेवा आधी."

चहा त्याच्या पुढ्यात ठेवून ती चुलीकडे वळली. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काही अर्थ नव्हता, तरी तिने तेच केलं.

"भावजी, इकत आणलेलो कोंबो राखणदाराक चलता काय हो?"

बाळाने बशी खाली ठेवली. "तू काय सांगलेलंस?"

तिने शब्दन् शब्द सांगितला.

"मगे, हात वर गेलो?"

"खंय जाता! बोटां हलतत, मूठ वळता. वर काय जाणा नाय."

"मगे घाय कसली गो तुका?" बाळा हसला. "काम होवच्या आधी देव तरी घेयत कसो? हात वर जांवदे, मगे बघूया. सोड जा त्येका."

मथुराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नवऱ्याचा हात वर गेला नाही याचा तिला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची लाजही वाटली. पदराने डोळे पुसत ती बाहेर निघाली. मागोमाग बाळा होता.

तेवढ्यात चिरा गडगडल्याचा आवाज आला.

परशुराम उभा होता. डाव्या हाताने त्याने पडवीचा खांब घट्ट धरला होता. उजव्या हातात डालग्याची कड होती आणि तो हात छातीपर्यंत वर आला होता. खालून कोंबडा बाहेर पडला आणि त्याने पिसं झाडली.

"जा," परशुराम म्हणाला.

इतके महिने त्याच्या तोंडातून नुसता अस्पष्ट आवाज येत होता. हा शब्द स्वच्छ होता. त्याने डालगं टाकून दिलं, आणि कोंबड्याला हाकलायला तोच हात आणखी वर, डोक्यापर्यंत नेला.

"जा! जा!"

पण कोंबड्याला त्या हाताची एकच ओळख होती. तो तुरतुर चालत आला, उडी मारून पडवीवर चढला आणि परशुरामाच्या पायाशी मान वर करून उभा राहिला. परशुरामाच्या हातून खांब सुटला. तो मटकन खाली बसला. हात मांडीवर पडला, तळवा उघडा. कोंबड्याने तळव्यावर चोच मारून पाहिली. तिथे काही नव्हतं.

हात वर गेला होता; मथुराने बाळाकडे पाहिलं. त्याने काहीतरी बोलावं, काहीही, असं तिला वाटत होतं. बाळाने पायांतल्या चपला काढल्या, सड्याच्या दिशेला हात जोडले आणि तो पायरीवर मान खाली घालून बसला.

"आधी जेवांदे त्येका, भावजी," ती म्हणाली.

तिने आतून मूठभर कण्या आणल्या आणि नवऱ्याच्या तळव्यावर ठेवल्या. कोंबडा टिपू लागला. परशुरामाने आज मूठ वळली नाही. कण्या संपत आल्या, तशी मथुरा उठली आणि दुसरी मूठ आणायला आत गेली.