गाठ सुटेपर्यंत

हरभऱ्याच्या दाण्याएवढीच तर होती ती, पदराच्या टोकाची गाठ; पण चालताना मनगटावर आपटायची आणि दर आपटण्यासरशी लीलमबेनना तहान लागायची. सकाळी जैन उपाश्रयात सामायिकाचं ध्यान आटोपून त्यांनी ती मारली होती. अशी गाठ त्या रोजच मारत; नवकार मंत्र म्हणून सोडायची, मगच तोंडात काही घालायचं. पण आजच्या गाठीला अट होती, आणि असली अट कुणाला सांगायची नसते, सांगितली की तिचं पुण्य तिथंच सांडतं... मत देईन तेव्हाच पाणी. आणि मत स्वतःच्या मनाचं.

हे ‘स्वतःच्या’ का घालावं लागलं, ते गाठीला ठाऊक होतं. गेल्या नगरपालिकेला त्या मनाशी एक ठरवून गेल्या आणि यंत्रासमोर बोट आपसूक पंख्यावर गेलं, कारण वाटेत यजमान, छबीलभाई, म्हणाले होते, “पंखा हं.” संध्याकाळी दुधी कर हं, म्हणावं तसं. वाईट मनानं नव्हे. आयुष्यभर ते दुधी म्हणाले की दुधी झाला होता. यंदा शिट्टीच्या चिन्हावर रळियात उभी होती – पालिकेच्या टाकीखाली रिकामा हंडा बडवून बडवून गल्लीत पाणी आणणारी रळियात. तेव्हा लीलमबेन खिडकीआड होत्या. खाली उतरावं, तिच्या हंड्याला हात लावावा असं वाटलं होतं... नव्हता लावला.

“केंद्र मुलींच्या शाळेतच तर आहे. सहापर्यंत चालतं,” छबीलभाई म्हणाले; ते सकाळीच मत देऊन आले होते. त्यांचं जेवण, भांडी, त्यांची वामकुक्षी – सगळं उरकून त्या शाळेत पोचल्या, तर टेबलामागचा गुरुजी यादीवर बोट फिरवून म्हणाला, “बा, काकांचं नाव इथं, तुमचं नाही. यंदा यादी तोडलीय. धर्मशाळेत बघा.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरकारनं दोघांना वेगळं काढलं होतं. आणि लीलमबेनना – हे मनात यायला नको होतं – जरा हुशारीच वाटली.

फाटकाबाहेर पंख्याच्या मांडवात जयंतीभाई पोट सावरत पेला घेऊन उठले. “काकी, घसा ओला करून जा.”

“मला उकळलेलंच लागतं, भाई.”

खोटं नव्हतं. पण अर्धं खरं म्हणजे... मिच्छामि दुक्कडं, चूक माफ असो. या गावात मतदानादिवशी ज्याचं पाणी प्याल त्याचे तुम्ही. शहाणी माणसं दोन्ही मांडवांत पीत. कुठंच न पिणारं माणूस कुणी पाहिलेलं नव्हतं.

धर्मशाळेशी शिट्टीच्या मांडवात रळियात स्वतःच उभी होती, कपाळावर घाम, हातात लोटा. “या बा. यादीत मी बघितलंय, तुमचं नाव वाडीत आहे, देरासरामागं. बसा, पाणी घ्या, मग जा.”

लोट्याच्या काठावर एक थेंब लोंबत होता... लीलमबेननी मान वळवली. “नको ग.”

“आमचं पाणी चालत नाही होय?”

ती हसत म्हणाली, पण लोटा खाली गेला. चालतं ग, म्हणायचं होतं. न चालायला काय झालं, तुझ्यासाठीच तर कोरडी फिरतेय सकाळपासून... पण सांगितलं तर अट मोडते, आणि न सांगितलं तर हिचं मन. मोक्षाच्या वाटेवर असला तिठा लागतो, हे व्याख्यानात कुणी बोललं नव्हतं.

वाडी! म्हणजे उपाश्रयाच्या भिंतीपलीकडची, लग्नकार्याची. सकाळी सामायिकात डोळे मिटले असताना पलीकडे टेबलं ओढल्याचा आवाज येत होता, कुणाचं तरी लग्न असेल म्हणून मनातल्या मनात वैतागून लगेच क्षमाही मागून झाली होती. मतदानकेंद्र मांडीला मांडी लावून बसलं होतं आणि या गावभर हिंडत होत्या.

रांग लांब होती. अर्धी सरकते न सरकते तोच जयंतीभाई धापा टाकत आले, हातात लीलमबेनच्याच घरची तांब्याची कळशी. “उकळलेलं, काकी. काकांनीच दिलंय.”

गाठ मनगटावर आपटली. “नको.”

“काकांच्या हातचंही नको?”

“नको म्हटलं ना, भाई.”

“म्हणजे शिट्टीच,” जयंतीभाई कळशीकडे बघत पुटपुटले. मागची बाई कुजबुजली, “काकांशी भांडलात होय, काकी? आम्हाला बरं जमत नाही.”

रळियात समजते ही पंख्याची, पंखा समजतो ही शिट्टीची, आणि घरी छबीलभाई काय समजत असतील... कुणालाच काही ठाऊक नाही. लीलमबेनना हसू आलं, ते त्यांनी पदराआड खोकल्यात घातलं.

सहाला शिपायानं फाटक लावलं, आतल्यांच्या हातात चिठ्ठ्या दिल्या. “घाई नको, सगळ्यांचं होणार.” सरकारचा दिवस असा लांबवता येत होता. पण देरासराच्या शिखरावरल्या ध्वजामागं सूर्य उतरत होता, त्याच्याकडे चिठ्ठ्या नव्हत्या. बुडाला. चौविहार लागला – आता उजाडेपर्यंत पाण्याचा थेंब नाही, मत दिलं तरी नाही, न दिलं तरी नाही.

म्हणजे आता मताचं पाण्याशी काहीच देणंघेणं उरलं नव्हतं. घरी गेलं तरी चालण्यासारखं होतं.

रांग सरकली. त्याही सरकल्या. जिभेला कोरड होती, पण तहान मात्र मघासारखी कुणी ढकलत असल्यासारखी वाटत नव्हती. त्यांनी गाठ बोटांत धरली. उद्या ऊन वर आल्यावर ती सोडायची. पण कुठं सोडायची, याची अट घातलीच नव्हती. स्वतःच्याच ओसरीवर, असं कुठं होतं? रळियातला फक्त निरोप धाडावा लागेल, पाणी उकळून ठेव म्हणून... धाडवेल?

“पुढं चला, बा,” शिपाई म्हणाला.