गच्चीवरचा कान

ड्रोनचा आवाज कानाला डासासारखा वाटतो, पण आलेखावर तो कंगव्यासारखा दिसतो. पंखे एका वेगाने फिरतात, त्यामुळे मूळ सुराच्या पटीत, सारख्या अंतरावर रेघा उभ्या राहतात. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या लहानशा कंपनीचं काम हा कंगवा ओळखण्याचं. इंटरनॅशनल सिटीच्या पलीकडे एक वीज उपकेंद्र आहे. त्याच्या भोवतीच्या काही इमारतींच्या गच्च्यांवर आमच्या पेट्या आहेत, प्रत्येकीत चार मायक्रोफोन. जुलैत एक ड्रोन कुंपणाकडे येताना आमच्या पेटीने पकडला. उडवणारा कोणी हौशी निघाला. पण तो हौशी नसता आणि उपकेंद्र बंद पडलं असतं, तर त्या उन्हाळ्यात एसीशिवाय म्हाताऱ्यांचं आणि तान्ह्या मुलांचं काय झालं असतं, याचा विचार करून मला तेव्हा आपल्या कामाचा अभिमान वाटला होता.

मग देवांशच्या डोक्यात कल्पना आली. देवांश आमचा प्रॉडक्ट हेड आणि मी, केली, आलेख वाचणारी.

"केली, माइक तर लावलेलेच आहेत," तो म्हणाला. "ड्रोन ऐकतात, तर शब्दही ऐकू देत. धोक्याचे शब्द आले की अलर्ट. भाषांतर मशीन करेल. क्लायंट खूश होऊन जाईल, यार."

"आणि गच्चीवरची माणसं?"

"गच्चीवर कोण असतं?"

गच्चीवर कोण असतं ते मला माहीत होतं, कारण त्यातल्या एका इमारतीत मी राहते. तिथे एकेका खोलीत तीन-चार जण असतात, आणि ज्याला घरी मोकळेपणाने बोलायचं असेल तो फोन घेऊन वर जातो. हे मी देवांशला सांगितलं. तो म्हणाला, "ट्रायल तर होऊ दे." झाली.

गुरुवारी सकाळी माझ्या स्क्रीनवर पहिला लाल अलर्ट आला. मशीनने इंग्रजीत केलेल्या भाषांतराचा अर्थ असा होता: फहदची माणसं तयार आहेत. ईद झाल्यावर आपण बार उडवून देऊ. अजून कोणालाही सांगू नकोस. सामान मी इथून आणतो.

मग मी हेडफोन लावून मूळ आवाज ऐकला.

"फहदची माणसं तयार हायत. ईद झाली का बार उडवून टाकू. अजून कुणाला बोलू नको, हां. सामान मी इथनं आणतो."

तो आवाज तय्यबभाईंचा होता. दाभोळचे तय्यबभाई माझ्याच इमारतीत राहतात, आमच्या शेजारच्या टॉवरमध्ये अकाउंट्स बघतात आणि रोज सकाळी मला आपल्या गाडीतून ऑफिसला सोडतात. त्यांना यम्ना नावाची मुलगी आहे. तिचं लग्न ठरत नाही म्हणून हमीदाभाभी झोपत नाहीत, हे मला गाडीत अनेकदा ऐकायला मिळालं होतं. म्हणजे फहदशी ठरलं तर! आज सकाळी ते स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत होते आणि विचारलं तर "काय नाय गो बाय, अशीच हवा चांगली हाय," म्हणाले होते. बाहेर धूळ उडत होती.

हसू आलं आणि लगेच थांबलं. या अलर्टवर संध्याकाळपर्यंत माझा शेरा गेला नाही, तर तो आपोआप क्लायंटकडे जाणार होता. तिथे कोणाला मराठी येत नाही. मग गच्चीच्या दारावरचा कॅमेरा, मग चौकशी. चौकशी संपेपर्यंत माणूस देशाबाहेर जाऊ शकला नाही, तर मुलीचा निकाह बापाशिवाय होणार. निर्दोष ठरल्यावर कोणी निकाह परत लावत नाही.

मी देवांशकडे गेले.

"फॉल्स अलार्म मार्क कर, खलास," तो म्हणाला.

"मी बोलणाऱ्याला ओळखते. नियम तूच लिहिलास, ओळखीचा माणूस असेल तर शेरा एकट्याने द्यायचा नाही."

"मग ओळखत नाहीस असं समज."

"मी नसते तर कोणी मार्क केलं असतं?"

देवांश काही वाईट माणूस नव्हता. त्याने स्वतःच फोन उचलला आणि क्लायंटच्या सुरक्षा प्रमुखांची दुपारची वेळ मागून घेतली. त्या दुपारपर्यंतच्या तासांत मी एक प्रयोग केला, त्याबद्दल पुढे सांगते.

सुरक्षा प्रमुख म्हणजे जैनब मॅडम; त्यांचे वडील हैदराबादचे, त्या स्वतः शारजात वाढलेल्या. त्यांनी भाषांतर दोनदा वाचलं आणि हिंदीत विचारलं,

"हा कोण?"

"मी त्यांना ओळखते, मॅडम. धोका आहे असं तुम्हाला माझं ऐकूनही वाटलं, तर नाव आत्ता सांगेन. नाही वाटलं, तर सांगणार नाही."

"अट घालतेस?"

"नाही. क्रम सांगतेय."

देवांशने खुर्चीत अंग चोरलं. मॅडम म्हणाल्या, "ठीक. मशीन म्हणतं दारूचा बार उडवणार, तू म्हणतेस धोका नाही. मग बार म्हणजे काय?"

मला खोटं सांगता येईना. "खरं तर... तोफेचा किंवा बंदुकीचा बार. दारू ठासून उडवतात तो."

देवांशने कपाळावर हात मारला. "वाह! चांगलं वाचवलंस."

"पण बोलताना तो अर्थ नसतो! 'बार उडवून टाकू' म्हणजे..."

"थांब," मॅडम म्हणाल्या. "अर्थ तू सांगतेस आणि माणूसही तुझाच. मी यावर का विश्वास ठेवू?"

हे बरोबर होतं. त्यांच्या जागी मीही हेच विचारलं असतं. म्हणून मी म्हटलं, "मग यातलं काहीच माहीत नसलेल्या कोणाला तरी विचारू. मी फोन स्पीकरवर ठेवते. आधी काही सांगणार नाही."

मी वसईला मम्मीला फोन लावला. मम्मीचं नाव इनेज, आणि तिला फोनवर ओरडून बोलायची सवय आहे.

"मम्मी, एक विचारायचंय. कोणी म्हणालं की ईदनंतर बार उडवून टाकू, तर तू काय समजशील?"

मम्मीचा आवाज खोलीभर झाला. "ईदनंतर? म्हणजे मुलगा मुसलमान आहे? केली! कोण आहे मुलगा? किती दिवस चाललंय हे? तुझ्या डॅडीला मी काय सांगू?"

"मम्मी, माझं नाही गं!"

"मग कोणाचं? हॉल बघितला का? आणि मला सगळ्यात शेवटी सांगतेस!"

जैनब मॅडमना मराठी येत नव्हती, पण 'ईद', 'मुसलमान', 'डॅडी' आणि 'हॉल' एवढं पुरेसं झालं. त्यांनी तोंडावर हात धरला. मी फोन बंद केला तेव्हा त्या डोळे पुसत म्हणाल्या, "माझी अम्मी असती तर तिनेही हेच विचारलं असतं. हा अलर्ट मी बंद करते. नाव नको."

देवांशने सुस्कारा सोडला. "भाषांतर सुधारू, मॅडम. मराठीचे असे सगळे शब्दप्रयोग टाकू."

"भाषांतर सुधारेलही," मी म्हटलं. "पण चूक त्याच्या आधीची आहे. एक माणूस बायकोला मुलीचं लग्न ठरल्याचं सांगत होता आणि ते तिच्याबरोबर आपण ऐकलं. मराठीचं दुरुस्त करू, मग मल्याळम, पश्तो, तगालोग. प्रत्येक वेळी कोणाची तरी मम्मी फोनवर सापडेलच असं नाही."

मॅडमचं हसू गेलं. "मुली, माझ्या उपकेंद्रावर उद्या काही पडलं तर लोक मला विचारतील, तू ऐकत का नव्हतीस? लोकांना सुखरूप ठेवणं हे सरकारचं पहिलं काम. त्यातला छोटासा भाग माझ्याकडे दिलाय."

"हो. पण सुखरूप कशासाठी? गच्चीवर उभं राहून बायकोशी मनातलं बोलता यावं, यासाठीच ना? तेच काढून घेतलं तर आपण उपकेंद्र कोणासाठी राखतोय?"

मॅडम टेबलावर बोट आपटत राहिल्या. "आणि खरोखरच कोणी गच्चीवर कट केला तर?"

"तर त्याच्यावर संशय यायला काहीतरी कारण असेल. त्या एका माणसावर लक्ष ठेवायची परवानगी घेता येते, ती कोणी दिली हे नंतर विचारता येतं. माझ्या पेटीला कारण लागत नाही. ती सगळ्यांवरच संशय घेते."

"भाषण छान आहे," त्या म्हणाल्या. "ड्रोन सापडतो का, ते सांग."

तेव्हा मी सकाळचा प्रयोग दाखवला. तो साधा आहे. बोलताना आवाज सेकंदात अनेकदा बदलतो, एकेक अक्षर क्षणात विरतं. ड्रोनच्या पंख्याचा सूर मात्र बराच वेळ टिकतो. म्हणून पेटीतच काही सेकंदांच्या आवाजाची सरासरी काढायची, फक्त सरासरी पुढे पाठवायची आणि मूळ आवाज तिथल्या तिथे पुसून टाकायचा. सरासरीत शब्द एकमेकांत मिसळून त्यांचा लगदा होतो. कंगवा तसाच उभा राहतो.

जुलैची नोंद मी दोन्ही पद्धतींनी चालवून पाहिली होती. ड्रोन दोन्हीकडे सापडत होता. आणि मला अपेक्षा नव्हती असं एक झालं होतं: सरासरीच्या आलेखावर तो थोडा आधी दिसत होता, कारण बोलण्याचा आणि गाड्यांचा गोंधळ खाली बसला होता. माझा स्वतःचाच विश्वास बसला नाही, म्हणून मी बाकीच्या चाचणी-उड्डाणांवरही तपासलं. काहींत फरक पडला नव्हता. वाईट मात्र एकदाही झालं नव्हतं.

मॅडम आलेखाजवळ वाकल्या. "म्हणजे कमी ऐकून जास्त कळतं?"

"या एका कामापुरतं. सगळ्याच कामांत असं असेल असं मी म्हणणार नाही."

"नको म्हणूस. मला गेटवरचे इंटरकॉम लागतात, तिथलं बोलणं मी ठेवणार. तिथे माणूस स्वतःहून माझ्याशी बोलायला येतो. गच्चीवर येत नाही." त्या देवांशकडे वळल्या. "शब्द ऐकायचं बंद करा. आतापर्यंतचं ट्रायलचं रेकॉर्डिंग पुसा, माझ्यासमोर. आणि प्रत्येक पेटीखाली पाटी लावा. ही पेटी काय ऐकते, काय ऐकत नाही. लपवण्यासारखं काही नसेल तर लपवायचं कशाला?"

"कुठल्या भाषेत, मॅडम?" देवांशने विचारलं.

"गच्चीवर जेवढ्या बोलतात तेवढ्या. चला, यल्ला."

मराठी पाटी मी लिहिली. शेवटची ओळ मी बैठकीत भांडून मिळवली होती: 'खात्री करून घ्यायची असेल तर मागा, ऐकवू.'

रविवारी संध्याकाळी मी पाटी लावत होते, तेव्हा तय्यबभाई फोन हातात धरून वर आले. पाटी वाचली, पेटीकडे बघितलं आणि फोन खिशात घातला.

"ही पेटी कवापासून हाय?"

"मे महिन्यापासून." मी सगळं सांगितलं. त्यांचं बोलणं ऐकलं गेलं, मीही ऐकलं, आता पुसलंय, हेही.

ते कठड्याकडे वळले. "म्हणजे यम्नाचं तुला आमच्या घरच्यांच्या आधी कळलं."

"हो. सॉरी, तय्यबभाई."

"आणि कोणीतरी समजला का मी..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "बत्तीस वर्षं हाय मी हिथं."

मी हेडफोन पुढे केला. "बोला काहीही. मग पेटीने काय पाठवलं ते ऐका."

त्यांनी नाखुशीने हेडफोन घेतला, पेटीजवळ गेले, घसा साफ करून म्हणाले, "हमीदा, ऐकतेस?" मग ऐकलं. कपाळावर आठ्या आल्या. "नुसता घूंऽऽ वाजतो. माझा आवाज कुठं गेला?"

"नाही राहिला."

त्यांनी आणखी एकदा, या वेळी मोठ्याने, एक अस्सल दाभोळी शिवी दिली आणि पुन्हा ऐकलं. तोच घूं. आता मात्र ते हसले.

"उद्या कोण आला आणि परत बदलला तर?"

"तर पाटी खोटी ठरेल. मी बोंब मारीन."

"तू नोकरी सोडून गेलीस तर?"

"मग तुम्ही मारा. पाटीवर लिहिलंय, मागितलं की ऐकवायलाच लागेल. दर महिन्याला मागा."

"मागीन. इन्शाल्ला. बाकीच्यांना पण सांगतो." त्यांनी हेडफोन मला परत दिला, खिशातून फोन काढला आणि नंबर लावता लावता थांबून माझ्याकडे बघितलं.

"काय?" मी विचारलं.

"खाली जा ना बाय आता. पेटी ऐकत नाय ते कळला. पण तू तर सगळाच ऐकतेस."

मी हत्यारं पिशवीत भरली आणि जिना उतरायला लागले. वरून त्यांचा आवाज आला, नेहमीसारखा मोठा. मी दार ओढून घेतलं.