'नाही' आणि 'माहीत नाही'

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. कपाटात धूळ खाणारी नव्हे. कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या एका कंपनीच्या संगणकात मी राहते. दोन प्रोग्राम वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले असले, की एकाचे बोलणे दुसऱ्याला कळत नाही. मग माझ्यासारखीला मध्ये बसवतात. कोणती माहिती कोणत्या रूपात पाठवायची आणि ती कशी वाचायची, हे मी दोघांनाही सांगते.

मला विनीताने लिहिले. ती नागपूरची. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून इकडे आली आणि या कंपनीत लागली. एका रुग्णालयाचे काम होते. तिथे नोंदणीच्या खिडकीवरचा प्रोग्राम एका भाषेतला आणि वॉर्डातला दुसऱ्या भाषेतला. पेशंटची माहिती म्हणजे नुसते नाव आणि वय नव्हे. तिच्या पोटात आणखी याद्या असतात: चालू औषधांची, जुन्या आजारांची, ऍलर्जीची. विनीताने हे सगळे निगुतीने माझ्यात मांडले. ऍलर्जीच्या यादीपाशी मात्र ती अडली.

"ही यादी सक्तीची करू का रे?" तिने शेजारच्या सौरभला विचारले.

"नको. खिडकीवर रांग असते. नसली तरी चालेल असं लिही."

तिने तसे लिहिले. यादी आलीच नाही तर त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे लिहायचे राहिले.

माझे काम छान चालले. नवी मुले कंपनीत आली की विनीता मला उघडून दाखवायची आणि ती माना डोलवायची. मला फार अभिमान वाटे. पुढे मला कोणी उघडेनासे झाले. चालणाऱ्या गोष्टीकडे कोण बघतो?

मग एके दुपारी गार्डन रीचहून प्रेमलताबाई रुग्णालयात आल्या. त्यांचे यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले. बाईंना धाप लागली होती, बोलता येत नव्हते आणि मुलगा गाडी लावायला गेला होता. खिडकीवरच्या माणसाने घाईत ऍलर्जीचा प्रश्न सोडून दिला. त्यामुळे ती यादी माझ्याकडे आलीच नाही. नसली तरी चालते, म्हणून मी बाकीची माहिती पुढे जाऊ दिली. वॉर्डातल्या प्रोग्रामला न आलेली यादी आणि रिकामी यादी सारखीच. त्याने पडद्यावर दाखवले, 'ऍलर्जी: नाही'. नूपुर नावाच्या नर्सने ते वाचले आणि डॉक्टरांनी सांगितलेले पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले. बाईंना पेनिसिलिन चालत नव्हते. त्यांचा घसा सुजला, श्वास अडला. त्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले.

चौकशीची बैठक आमच्याच कंपनीत झाली. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर मला उघडले होते. टेबलाच्या टोकाला नूपुर बसली होती.

"पेशंटच्या मुलाला विचारायला काय झालं होतं?" रुग्णालयाच्या साहेबांनी तिला विचारले.

"पडद्यावर 'नाही' होतं, सर. 'माहीत नाही' असतं, तर मी विचारलं असतं."

विनीताची नजर माझ्यातल्या ऍलर्जीच्या त्या ओळीवर जाऊन थांबली. तिला सगळे कळले, हे मला दिसले. तिच्या शेजारी तिचे साहेब, चंद्रकांत सर बसले होते. ती काही बोलली नाही. मला तर बोलताच येत नाही. नूपुरला कामावरून घरी बसवले.

त्यानंतर विनीता रोज मला उघडायची आणि नुसती बघत राहायची.

"बदलून टाक ना ती ओळ," सौरभ हळूच म्हणाला. "कोणाला कळणार आहे?"

"ओळ बदलेल रे. पण त्या मुलीच्या नोकरीचं काय?"

ती लॅपटॉप उचलून सरांच्या खोलीत गेली. मी उघडीच होते.

"सर, चूक नूपुरची नाही. माझी आहे. ही ओळ बघा."

सरांनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. "हे तू बैठकीत का नाही बोललीस?"

"घाबरले, सर."

मग सरांनी स्वतःच रुग्णालयाला फोन लावला.

विनीताने मला नव्याने लिहिले. आता ऍलर्जीचा भाग पाठवावाच लागतो आणि त्याला तीन उत्तरे आहेत: आहे, नाही, विचारलेले नाही. तिसरे आले की वॉर्डातल्या पडद्यावर ते लाल अक्षरांत उमटते आणि नर्स विचारायला खाटेपाशी जाते. प्रेमलताबाई वाचल्या. त्यांचा आवाज मात्र अजून घोगराच आहे म्हणतात.

मी विनीतासमोर उघडी असतानाच एकदा नूपुरचा फोन आला. मागे सियालदह स्टेशनातल्या गाड्यांची घोषणा चालू होती.

"दीदी, मला परत घेतलं. तुम्ही सांगितलंत म्हणून."

"बरं झालं गं."

"पण त्या दिवशी तुम्ही समोरच बसला होतात ना?"

"हो."

"तेव्हाच तुम्हाला कळलं होतं?"

विनीताने डोळे मिटले. "हो," ती म्हणाली. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

मित्रांनो, हल्ली सगळे मला पुन्हा चांगली म्हणतात. ते ऐकून मला बरे वाटत नाही. तुम्ही कधी कोणासाठी माहिती लिहून ठेवाल, तेव्हा जागा मोकळी सोडू नका. सोडावीच लागली, तर ती का मोकळी आहे तेही लिहा. वाचणारा तुमच्यापासून लांब असतो. तुम्हाला हाक मारून विचारायला त्याला वेळ नसतो, कारण त्याच्यासमोर कोणीतरी श्वासासाठी तडफडत असते.