एकाच वाडग्यातली खीर

ऐका ना, मधे बोलू नका, माझा धागा तुटतो. नाताळसाठी हॉस्पिटलने आमच्या ओरेस्टदादाला घरी सोडलं ते एकाच अटीवर, नायासिनच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. गोळ्या बंद केल्या तर परत त्या कुलूपवाल्या वॉर्डात, आणि या खेपेला कधी सुटेल ते डॉक्टरही सांगेनात. डॉक्टरांचं म्हणणं असं, की दादाला आवाज ऐकू येतात कारण त्याच्या अंगातच काहीतरी विषारी तयार होतंय, आणि हे जीवनसत्त्व भरपूर दिलं तर ते अडेल. कदाचित अडेल. त्यांचंही अजून बघणंच चाललंय.

पण गोळी घेतली की तोंड, कान, मान लालभडक. आणि खाज. हे होणारच, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दादाला मात्र वाटायचं, तो आवाजवालाच आपल्या तोंडावर खूण करतोय, लोकांना ओळखू यावं म्हणून. घरी आला आणि गोळी थेट चुलीत.

नाताळच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेले, तर आई खसखशीबरोबर गोळ्या कुटत होती.

"आई, काय करतेस?"

"गप्प बस. खिरीत कळत नाही. कडेला त्याचा वाटा ठेवलाय, वर अक्रोड लावलाय."

"अगं, पण वाडगा तर एकच."

"म्हणून तर. नाताळला सगळे खातात त्या एका वाडग्यातलं तो नाही म्हणणार नाही."

दिवसभर आमचा सगळ्यांचा उपास. पहिली चांदणी दिसली तसे बाबा उठले, गव्हाच्या खिरीचा वाडगा घेतला, आणि आईने हात पुढे करायच्या आत पार तळापासून ढवळला. त्यांचे वडील ढवळायचे ना, तसा. मग रीतीप्रमाणे चमचाभर खीर छताला फेकली. चिकटली. मधमाश्यांचं वर्ष चांगलं जाणार म्हणून शेजारचे ह्रिन्कोकाका खूश, त्यांनी तीनदा खीर घेतली. आईचा चेहरा मी बघितला आणि खाली मान घालून माझी खीर संपवली.

बिटाचं सूप, बोर्श, येईपर्यंत काकांचे कान पेटले. ते आईला म्हणाले,

"परास्का, खिरीतल्या मधात मिरची घातलीस का गं? मी अजून दारूचा थेंबही प्यायलो नाही, आणि तोंड बघ. फुकटची बदनामी."

बाबा मान खाजवतायत, माझे गाल भाजतायत. दादा उठला. स्वतःचं तोंड लाल, आणि एकेकाजवळ जाऊन, वाकून बघतोय. आईपाशी थांबला.

"तुलाही त्याने खूण केली?"

आईला "हो" म्हणता आलं असतं. सगळं तिथेच मिटलं असतं.

"त्याने नाही रे. मी गोळ्या घातल्या, खिरीत."

दादा दाराशी गेला, लोकरी बूट चढवले, कडीवर हात ठेवला. बाहेर असली थंडी की थुंकी गोठावी. बाबा उठू की नको असे अर्धवट उभे.

काका खाजवत म्हणाले, "ओरेस्ट, जा बाबा, पण आधी सांग, हे थांबतं कधी?"

कडीवरचा हात तसाच. मग दादा म्हणाला, "अर्ध्या-पाऊण तासात. काका, गरम पाणी लावू नका, वाढतं."

"रोज असं होतं तुला?"

"रोज."

"अरे देवा," काका म्हणाले, "आणि आम्ही तुला हट्टी म्हणत होतो."

दादा वळला, बुटांसकट येऊन बसला. आईला म्हणाला, "गोळ्यांची बाटली इकडे दे. जेवणात परत काही घातलंस, तर तुझ्या हातचं खाणार नाही." आईने एप्रनच्या खिशातून बाटली काढली. त्याने ती शर्टात ठेवली.

सकाळी न्याहारीनंतर त्याने गोळी सगळ्यांसमोर घेतली. मीही हात पुढे केला.

"तू नको. नुसती बस, लाली जाईपर्यंत."

बसले. लाली उतरेपर्यंत तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. आवाज गेले का ते विचारू नका, मी त्याला विचारलेलं नाही. आत्ताच घेऊन झाली असेल त्याची गोळी. चला, मला घरी जाऊ द्या, त्याच्यासमोर बसायचंय.