फौजदारांचा संशयित

घरात त्यांना सगळे फौजदार म्हणत, पण फौजदारकी त्यांनी एक दिवसही केली नव्हती. पोलीस चौकीत बत्तीस वर्षं तक्रारी लिहून घेणारे कारकून होते, एवढंच. निवृत्त झाल्यावर मात्र आपण लिहून घेतलेला प्रत्येक गुन्हा आपणच उलगडला होता असं त्यांना हळूहळू वाटू लागलं, आणि घरच्यांनीही ते वाटू दिलं.

त्यांची सून वर्तमानपत्रात चित्रपटांची परीक्षणं लिहायची. शुक्रवारी नवे चित्रपट बघायचे, पाचच्या आत मजकूर पाठवायचा, शनिवारी तो छापून यायचा. सासूबाईंनी एकदा तिला बाजूला घेऊन सांगितलं, "यांनाही नेत जा गं बरोबर. आठवड्यातून एक दिवस तरी माझ्या कपाटाची झडती होणार नाही." तेव्हापासून शुक्रवारी सुनेच्या शेजारची खुर्ची फौजदारांची झाली.

त्या शुक्रवारी सकाळी खुनाचा चित्रपट होता आणि दुपारी मुलांचा ॲनिमेशनपट.

सकाळी पडदा उजळून दहा मिनिटं झाली नाहीत तोच फौजदार सुनेच्या कानाशी लागले. "ड्रायव्हर. डोळे बघ त्याचे."

पुढच्याच प्रसंगात ड्रायव्हर विहिरीत सापडला.

"मग डॉक्टर," फौजदार जराही न डगमगता म्हणाले. मध्यंतराआधी डॉक्टरही गेला. मग त्यांनी नायकाच्या मेव्हण्याकडे बोट केलं, तशी मागच्या रांगेतली बाई पुढे वाकून काकुळतीला आली. "आजोबा, याला तरी सोडा. मी याच्यासाठीच आलेय हो!"

सुनेने हसू दाबत वहीतल्या संशयितांच्या यादीत मेव्हण्यावर काट मारली. सासरे ज्याच्यावर संशय घेतील तो निर्दोष, हा तिचा चार वर्षांचा अनुभव. खुनी कोण हे तिला म्हणूनच इतर समीक्षकांच्या बरंच आधी कळायचं. हे गुपित तिने अर्थातच घरात फोडलं नव्हतं.

दुपारी फौजदार जरा फुरंगटूनच बसले. या वयात कार्टून काय बघायचं, असं त्यांचं म्हणणं. गोष्ट जंगलातल्या एका गावाची होती. गावची मोठी घंटा चोरीला जाते आणि सगळे नव्याने राहायला आलेल्या कोल्ह्याकडे वाकड्या नजरेने बघू लागतात. घंटा गेलेली सगळ्यात आधी बघणारी साळिंदरबाई धापा टाकत चौकीवर येते. तिथलं चष्मेवालं म्हातारं कासव तिची तक्रार लिहून घेतं. इतकं गोड कासव, की सभागृहातली पोरं त्याला टाटा करत होती.

फौजदार मात्र ताठ झाले. "घंटा यानेच पळवली."

"कासवाने? बाबा, अहो!"

"अगं, काय गेलं हे ती सांगायच्या आधीच हा लिहायला लागला! आधी नाव विचारायचं, मग पत्ता, मग काय गेलं. याने काहीच विचारलं नाही. म्हणजे याला ठाऊकच होतं."

सुनेने सवयीने वहीत कासवावर काट मारली. तासाभराने कासवाच्या माळ्यावर घंटा सापडली, आणि तिला ती काट गुपचूप खोडावी लागली.

"बाबा, बरोबर निघालं की तुमचं!"

फौजदारांनी चष्मा काढून पुसला. "निघालं. पण कारकुनालाच चोर करायचं काय नडलं होतं यांचं?"

ते दुःख रिक्षात बसेपर्यंत टिकलं. मग छाती फुगू लागली. "हे परीक्षणात येऊ दे."

"चोर कोण ते लिहायचं नसतं, बाबा. वाचणाऱ्यांची मजा जाते."

"मग कासवाचं नाव नको छापूस. माझं छाप."

सुनेने मधला मार्ग काढला. 'गुन्हेगाराला पहिल्या वीस मिनिटांत ओळखणारे एक अनुभवी प्रेक्षक माझ्या शेजारीच बसले होते,' असं वाक्य तिने शेवटी टाकलं. पुरवणीच्या संपादकबाईंनी जागा कमी पडली म्हणून नेमकं तेच उडवलं.

शनिवारी सकाळी फौजदारांनी परीक्षण दोनदा वाचलं. पान उलटून मागेही पाहिलं. मग घडी घालत म्हणाले, "छान लिहिलंयस." त्यांनी एकही खोट काढली नाही, तेव्हा सुनेला कसंसंच झालं.

सासूबाई सगळं बघत होत्या. त्यांनी पदराला हात पुसले. "अहो, मला दाखवा ना तो चित्रपट. पण चोर कोण ते सांगायचं नाही हं."

गेल्या वीस वर्षांत त्या चित्रपटगृहाची पायरी चढल्या नव्हत्या. फौजदारांनी कपाटातून इस्त्रीचा सदरा काढला.

तिन्हीसांजेला दोघं परतली. फौजदार दारातूनच ओरडले, "सूनबाई, दोन तास तोंडातून अवाक्षर काढलं नाही मी! विचार हिला!"

"नाही हो, एक शब्द नाही," सासूबाई चपला काढत म्हणाल्या. "फक्त कासव दिसलं की मला कोपर मारायचे आणि छताकडे बघत बसायचे. माझ्या बरगड्या सांगतात चोर कोण ते."

सूनबाईला हसताना बघून फौजदारांनाही हसू फुटलं, आणि सासूबाईंनी बरगडीला लावायला मलम मागितलं.