पट्टीनं आखलेला रकाना

दाखला हातात पडला तेव्हा मी तो वाचलाच नाही. चार घड्या घालून पर्समध्ये टाकला आणि घरी आले. वाचला तो वन्संनी, आणि तोही मोठ्यानं.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर काढून निवृत्त झालेल्या. शिक्क्याचा कागद दिसला की त्यांचा चष्मा आपोआप नाकावर चढतो. मी हात धुवायला मोरीकडे गेले तेवढ्यात त्यांनी घड्या उलगडल्याही होत्या.

"सदर महिलेविरुद्ध वयाच्या पंधराव्या वर्षी शिलाई मशीन चोरल्याबाबत असलेली नोंद कायमस्वरूपी नष्ट करण्यात आली आहे." एवढं वाचून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "अख्खं मशीन?"

बावीस वर्षं या घरात मी ते झाकून ठेवलं होतं. लग्नाआधी फक्त यांना सांगितलं होतं. त्यावर हे एवढंच म्हणाले होते, की मग तुला पायजमा शिवता येत असेल. वन्संना सांगायची मात्र छाती झाली नाही.

"अख्खं," मी म्हटलं. "शेजारच्या बाळाच्या ढकलगाडीत घालून नेलं. वरून दुपटं पांघरलं होतं."

"आणि बाळ?"

"बाळ घरी होतं, वन्सं."

"हां, मग ठीक." त्या खुर्चीवर बसल्या. "सांग आता पहिल्यापासून."

सांगण्यासारखं फार नव्हतंच. मला शिवायचं होतं आणि मशीन दुकानात होतं. दुसऱ्याच दिवशी ते परत गेलं. तेवढ्या वेळात मी धाकट्या बहिणीच्या फ्रॉकला खालची दुमड घालून घेतली होती. शिक्षा म्हणून मला सात महिने सुधारगृहात ठेवलं आणि तिथं, देवाची करणी बघा, शिलाईच शिकवली.

तेव्हापासून माझा हात मशीनवरून उतरलेला नाही. आता इस्पितळाच्या कपडेखोलीत आहे. फाटलेल्या चादरींना ठिगळं, रुग्णांच्या अंगरख्यांना नवे बंद, उश्यांना खोळी. आमच्या मुख्य बाई या महिन्यात निवृत्त होतायत आणि खोलीच्या किल्ल्या माझ्याकडे येणार आहेत. फक्त शुक्रवारपर्यंत एक फॉर्म भरून द्यायचा होता. त्यात सातवा प्रश्न: आपल्या नावावर गुन्ह्याची नोंद आहे का? आणि नुसत्या माझ्या उत्तरावर भागणार नव्हतं. फॉर्म गेल्यावर इस्पितळ स्वतः नोंदणी कचेरीला पत्र घालून विचारतं.

लहानपणीची नोंद मोठेपणी अर्ज करून नष्ट करता येते, हे मी वाचनालयात बसून शोधून काढलं. एकदा नष्ट झाली की कायद्याच्या लेखी ते घडलंच नाही, सरळ 'नाही' लिहायचं. अर्ज केला, न्यायाधीशांनी आदेश दिला, फाइल यंत्रात घालून तिच्या पट्ट्या केल्या. मला वाटलं, सुटले.

"सुटलीस कसली," वन्सं म्हणाल्या. "फाइल गेली ना? मग हा दाखला लिहिणाऱ्याला पंधरावं वर्ष आणि मशीन कुठून कळलं? दुसरीकडे कुठंतरी लिहून ठेवलंय त्यानं. इस्पितळाचं पत्र आलं की तो तेच उघडून बघणार."

मी दाखला त्यांच्या हातातून घेऊन स्वतः वाचला. मग हळूहळू राग आला, आणि तो बरा वाटला.

बुधवारी कचेरी उघडायच्या आधी आम्ही दोघी दारात होतो. आतला कारकून म्हणजे टापटिपीचा पुतळा. टेबलावर चार रंगांची चार पेनं, एका रेषेत. हातात लाकडी पट्टी. ओळ वाचायचीही ती खाली धरून.

"भाऊ, तुम्ही हे कशावरून लिहिलंत?" मी दाखला पुढे केला.

"नष्टीकरणाच्या रजिस्टरावरून," तो अभिमानानं म्हणाला. "आमच्याकडे सगळं आहे."

"तेच तर दुखणं आहे," वन्सं म्हणाल्या.

त्यानं रजिस्टर उघडलं. माझ्या ओळीखाली पट्टी आणि वरच्या ओळींवर तळहात असा ठेवला की बाकीच्यांचं काही दिसू नये. माणूस वाईट नव्हता. पण पानाच्या वरच्या बाजूला मला छापलेली अक्षरं दिसली. अनुक्रमांक, आदेश क्रमांक, आदेशाची तारीख, नष्ट केल्याची तारीख, सही. पाच छापील रकाने. आणि उजवीकडे उरलेल्या जागेत पेन्सिलीनं, पट्टीनं आखलेला सहावा: नाव व तपशील.

"हा रकाना कुणाचा?"

"माझा," तो म्हणाला. "छापणाऱ्यांनी ठेवलाच नव्हता. उद्या कुणी विचारलं की काय नष्ट केलं, तर सांगता यायला नको?"

"भाऊ," मी म्हटलं, "कुणाला सांगता येऊ नये म्हणूनच तर नष्ट करतात."

त्याचे कान लाल झाले. नऊ वर्षं त्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहीत होता बिचारा.

"तुमची ओळ खोडतो," तो शेवटी म्हणाला.

इथं वन्संनी पर्स उचलली होती. माझं काम झालं होतं. पण त्याच्या तळहाताखाली कितीतरी ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळीत कुणाचं तरी पंधरावं वर्ष होतं.

"माझी एकटीची नको," मी म्हटलं. "सगळा रकाना काढा."

"अहो, असं नाही करता येत! पानांना क्रमांक आहेत!"

"मग नवं रजिस्टर करा. पाच रकान्यांचं. तोवर मी बसते."

"कुठं?"

"त्या बाकावर. जुनं डोळ्यांदेखत जाईपर्यंत."

वाद ऐकून आतल्या अधिकारी बाई बाहेर आल्या. त्यांनी रजिस्टर बघितलं, माझा दाखला बघितला, मग कारकुनाकडे बघितलं. "हा रकाना आपल्याकडे कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाल्या, "पाचच रकाने नव्या रजिस्टरात उतरवून काढा. आजपासून."

"दोनशे अकरा नोंदी आहेत, मॅडम. महिना लागेल."

"रोज किती दाखले लिहिता?" वन्संनी मधेच विचारलं. "मी दिवसाला तीनशे रजिस्टर पत्रं नोंदवायची, तीही भांडणाऱ्या गिऱ्हाइकांसमोर. एका नोंदीला पाच रकाने. उद्या दुपारपर्यंत होतं."

मी बाकावर बसले. रजा टाकली होती, पण अंगरख्यांचे बंद पिशवीत घालून आणले होते. बुधवारी चोवीस शिवून झाले, गुरुवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत आणखी एकोणीस. वन्सं मधूनमधून उठून काचेपलीकडे डोकावायच्या. "एकशे चाळीस," येऊन सांगायच्या. "अक्षर छान आहे हो त्याचं." त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

गुरुवारी तीनच्या सुमाराला जुनं रजिस्टर यंत्रापाशी आलं. पुठ्ठा जाड, म्हणून आधी तो उसवावा लागला. कारकुनाला शिवणीचा दोरा सापडेना. "द्या इकडे," म्हणत मी माझ्या कात्रीनं चार टाके कापले. पानं आत गेली. त्यानं नव्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहायला घेतलं: जुने रजिस्टर रद्द, कारण त्यात व्यक्तींची नावे व गुन्ह्यांचे...

"भाऊ!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.

तो दचकला. थोडा विचार केला. मग 'कारण'पासून पुढचं खोडून, पट्टी धरून, फक्त एक शब्द लिहिला: आदेशानुसार.

"आता दाखला नवा करून देतो," तो म्हणाला.

"नको," मी म्हटलं. "कसला दाखला? काही झालंच नाहीये."

त्यानं माझा जुना दाखलाही यंत्रात सारला. मग चुळबुळत विचारलं, "ताई, उद्या कुणी पत्र घालून विचारलं तर मी काय लिहू?"

"काय दिसतंय रजिस्टरात?"

"आकडे."

"मग झालं."

परतताना आमच्याकडे एकही कागद नव्हता. चौकात वन्सं थांबल्या. मग म्हणाल्या, "त्या फ्रॉकचं काय झालं गं?"

"दुमड सरळ आली होती. बहिणीनं विरेपर्यंत घातला."

"बरं. माझ्या दोन उश्यांना खोळी हव्यायत."

शुक्रवारी सकाळी मुख्य बाईंच्या टेबलाशी उभी राहून मी फॉर्म भरला. सातव्या प्रश्नाशी पेन थांबलं नाही. 'नाही' लिहिलं, खाली सही केली. त्यांनी कागद उलटसुलट बघितला, खणातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि म्हणाल्या, "तिसरी किल्ली अडकते. जरा वर उचलून फिरवायची."