मटण म्हणजे मेंढी

आमचे पद्माकर भावजी गुरुग्रामहून आले की सोबत काय आणतात? मिठाई? छे! माहिती आणतात. ऑफिसात माना डोलवायला पगारी माणसं आहेत. इथं दिल्लीत, द्वारकेत आम्ही फुकट.

त्या रविवारी त्यांना टाळताही येईना. आई गेल्यापासून तात्या, म्हणजे माझे वडील, नुसत्या दहीभातावर होते. गालफडं पार बसली होती. आमच्यात दुखवटा सोडताना व्याह्यांकडच्या थोरल्यानं मटणाचा घास भरवायचा असतो. कराडला चुलत्यांनी ताट मांडलं, तर तात्या उठूनच गेले. म्हणून इथं आणलं. सासरे नाहीत, तेव्हा मान थोरल्या दिरांचा. मी नवऱ्याला, राजीवला, बजावलं होतं, "तुमच्या दादांना म्हणावं, घास भरवा आणि गप्प बसा."

भावजींनी घास उचलला. आणि काय सांगू, तात्यांनी तोंड उघडलं! तेवढ्यात भावजींचा हात थांबला.

"तात्या, मटण हा शब्द मूळचा कुठला, सांगा बघू?"

बोंबला!

"फ्रेंच! 'मूतों' म्हणजे मेंढी. तिथून तो इंग्रजीत आला, इंग्रजीतून आपल्याकडे. आणि हे तर बोकडाचं! म्हणजे टेक्निकली हे मटणच नाही. इंटरेस्टिंग है ना?"

तात्यांनी तोंड मिटलं. रस्सा भावजींच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, पण व्याख्यान काही थांबेना.

"भावजी, तो घास ठेवा खाली," मी म्हटलं. "मेंढीचं मिळालं की बोलावते."

"अगं सुरेखा, मी फक्त शब्दाचं मूळ..."

"मूळ गेलं खड्ड्यात! माणूस उपाशी बसलाय समोर!"

तात्या हळूच म्हणाले, "तुझ्या आईनं हा शब्द कधी उच्चारला नाही. खायची नाही ना ती. 'आज तुमचं केलंय,' एवढंच म्हणायची. आता कोण म्हणणार?"

यावर भावजींनी काय केलं असेल? फोन काढला आणि शब्दाचं मूळ शोधायला लागले. धन्य आहे!

मी ताट त्यांच्यापुढून ओढलं आणि तात्यांसमोर ठेवलं. "तात्या, आज तुमचं केलंय. बसा जेवायला."

त्यांनी स्वतःच भाकरी मोडली, रश्श्यात बुडवून खाल्ली.

"मीठ कमी आहे," म्हणाले, आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदाच ढसाढसा रडले. "तिचंही कमीच असायचं. चाखून बघायची नाही ना."